दिव्यापुढे अंधार

फ्यूज आली होती ती आईचं कपाट आवरायला. हातात रिकाम्या पिशव्या होत्या आणि जेवणाच्या आत काम उरकायचं असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आई जाऊन दोन महिने होत आले होते. त्या काळात ती या घरी आली ती उभ्या उभ्याच, दारातूनच ख्यालीखुशाली विचारून परतली होती.

फ्यूज हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. नाट्यगृहात दिवे सांभाळायची नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडवला, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आईला ते इतकं आवडलं की घरीही तेच सुरू झालं. बसकाकांचंही तसंच. आई रुग्णालयात नर्स होती. रात्रपाळीला ती ज्या बसनं जायची, तिचे हे ड्रायव्हर. आईला उशीर झाला की हे थांब्यावर बस उगाच रेंगाळत ठेवायचे आणि मागून प्रवासी ओरडायचे. पुढे दोघांनी लग्न केलं. फ्यूज तेव्हा शाळेत होती. बाबा म्हणायला जीभ रेटेना, नुसतं काका म्हणावं तर आईचं तोंड उतरायचं. मधला मार्ग म्हणून बसकाका.

दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं. पण बोलणं तरी कुठे झालं होतं? हिचं त्यांना आणि त्यांचं हिला सांगायला मध्ये आई असायची. ‘बसकाका विचारतायत, जेवून जाणार का?’ आणि बसकाका शेजारच्याच खुर्चीत बसलेले असायचे. आता मधलं माणूसच उठून गेलं होतं.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीतून घरघर ऐकू येत होती, गिरणी चालू असल्यासारखी.

“ये, ये,” आतून आवाज आला. “कपाट उघडं आहे बघ. चहा ठेवू का?”

“नको, मी आवरते आणि निघते.”

आईच्या खोलीकडे जाताना तिनं आत डोकावलं. भर दुपारी पडदे ओढलेले. इस्त्रीच्या टेबलाला विमानाचं सुकाणू शिकंज्यानं आवळून बसवलेलं, खाली पायाशी पेडल, आणि ती सरकू नयेत म्हणून सतरंजीला चिकटपट्ट्या मारलेल्या. समोर मोठा स्क्रीन. निवृत्त झाल्यावर बसकाकांनी विमान चालवायचा हा सिम्युलेटर घेतला होता. त्याला खेळ म्हटलेलं त्यांना खपत नसे. आता ते सुकाणू धरून ताठ बसले होते आणि समोरचा स्क्रीन काळाकुट्ट होता.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“काही नाही गं. दिवे लागत नाहीत.”

हे वाक्य कानावर पडलं आणि फ्यूज तशीच पुढे निघून गेली, असं आजवर कधी झालं नव्हतं. तिनं पिशव्या दाराशी ठेवल्या.

“कुठले दिवे?”

“उतरायचे. लँडिंग लाइट. बसला हेडलाइट असतात ना, तसे. रात्री उतरताना समोरची धावपट्टी दिसायला.”

“सगळ्याच विमानांचे लागत नाहीत?”

“छे! सिम्युलेटरसोबत आलेली विमानं आहेत ना, त्यांचे लख्ख लागतात. हे बाहेरून घेतलंय. ॲड-ऑन म्हणतात. कुणीतरी हौशी माणसानं घरी बसून बनवलंय आणि फुकट वाटलंय.” ते थांबले. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाले, “तुझ्या आईनं निवडलेलं.”

फ्यूज चौकटीला टेकली.

“दवाखान्यात तिला फोनवर फोटो दाखवत होतो. एवढी झकपक विमानं दाखवली, तर बाईसाहेबांनी बोट ठेवलं ते ह्यावर. जुनं, दोन इंजिनांचं, शेपटीखाली इवलंसं चाक, त्यामुळे उभं असतं ते नाक वर करून. म्हणाली, ‘हे घ्या. बघा कसं नाक वर करून बसलंय, कुणाची पर्वाच नाही!’ घरी आल्यावर पहिली फेरी ह्याच्यातून, असं ठरलं होतं.”

ती फेरी झाली नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

“मग दिवसा उडवून बघायचं ना,” फ्यूज म्हणाली. “दिवे कशाला लागतात?”

“दिवसा?” बसकाकांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “तिला घेऊन दिवसा कधी उडालो नाही मी. ती म्हणायची, जन्मभर रात्रपाळी केली, आता दिवसाउजेडी कामावर जायला जमायचं नाही. म्हणून हे पडदे. तिथं बसायची ती.” त्यांनी शेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. वर निळ्या अभ्र्याची उशी होती, मधोमध दबलेली. “चाकं आणि दिवे तिच्याकडे. मी ‘दिवे’ म्हटलं की बटण दाबायची. कधीकधी मी म्हणायच्या आधीच दाबायची, आणि वर मलाच बोलायची, ‘अहो ड्रायव्हर, झोपलात काय?’”

फ्यूजला हे काहीच ठाऊक नव्हतं. आई फोनवर ‘आज जरा फिरून आलो’ म्हणायची तेव्हा ती समजायची, बागेत गेले असतील.

“दाबा बघू बटण,” ती म्हणाली.

त्यांनी दाबलं. खटका वाजला, पण समोर अंधार तो अंधारच.

“बाहेरून दिसतं का विमान? दाखवा.”

बसकाकांनी दृश्य बदललं. विमान बाहेरून दिसू लागलं, खरंच नाक वर करून बसलेलं. आणि दोन्ही पंखांवर दोन पांढरे ठिपके चमकत होते.

“अहो, दिवे तर लागलेत!”

“लागलेत, पण काय उपयोग? दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं दिव्यापुढेच अंधार.”

फ्यूज खाली वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. “बसकाका, दिवा दिसणं वेगळं आणि दिव्याचा उजेड पडणं वेगळं. आमच्याकडे रंगमंचावर कंदील ठेवतात ना, तो नुसता दिसायला असतो. नटाच्या तोंडावरचा उजेड येतो तो वरून, माझ्याकडून. इथंही दोन वेगळ्या गोष्टी असणार. दिसायचा दिवा आहे. पाडायचा उजेड कुणी पाठवतच नाहीये.”

बसकाकांनी सुकाणूवरचे हात काढून मांडीवर ठेवले. दोन महिने ते एकट्यानं झगडत होते. सिम्युलेटरवाल्यांच्या ऑनलाइन मंचावर प्रश्न विचारून झाला होता, तिथल्या उत्तरांनी डोकं आणखी गरगरलं होतं. “हे मला कुणी असं सांगितलं नाही,” ते म्हणाले.

मग चहा झालाच. फ्यूज कीबोर्ड मांडीवर घेऊन सतरंजीवर बसली. आधी तिनं सोपे संशय काढून टाकले. विमानाची बॅटरी चालू आहे का, सिम्युलेटरमध्ये उजेडाची पातळी कमी तर ठेवलेली नाही ना. सगळं ठीक होतं. मग तिनं त्या विमानाचं फोल्डर उघडलं. आत एक साधी लिहिलेली फाइल होती आणि तिच्यात दिव्यांचा भाग. एका ओळीत एक दिवा: कुठल्या प्रकारचा, विमानाच्या मध्यापासून किती पुढे, किती बाजूला, रोख कुठे, आणि शेवटी एक नाव.

“थांब, थांब,” बसकाका म्हणाले. “काही बदलायच्या आधी त्या फाइलची एक प्रत करून ठेव. मागे एकदा दुसऱ्या विमानाच्या फाइलमध्ये मी हात घातला होता, तर विमान धावपट्टीच्या खाली जमिनीत गेलं. तुझी आई म्हणाली, आता भुयारी रेल्वे चालवा.”

फ्यूज हसली. प्रत केली. मग त्या ओळीच्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं. “हे उजेडाच्या फाइलचं नाव आहे. दिवा त्या फाइलला हाक मारतो, आणि ती फाइल उजेड पाडते. ती आहे का बघू.”

शोधलं. नव्हती. पुन्हा शोधलं. कुठेच नव्हती.

“म्हणजे हा बिचारा हाका मारतोय आणि घरात कुणी नाहीच,” बसकाका म्हणाले.

फ्यूजनं मान वर केली नाही. ती फाइलींमधून खाली खाली जात राहिली.

“तुम्ही विमान इंटरनेटवरून उतरवून घेतलंत तेव्हा ते बांधलेलंच आलं असेल ना, झिप फाइलचं गाठोडं? ते आहे का अजून?”

ते होतं. तिनं सोडलं, तर आत दोन फोल्डर निघाले. एक विमानाचं आणि दुसरं छोटं, आत एकुलती एक फाइल. नाव तेच.

“हे दुसरं मी कॉपीच केलं नाही,” बसकाका म्हणाले. “घाईत होतो. तिला त्या दिवशी संध्याकाळी दाखवायचं होतं, तयार आहे म्हणून. मला वाटलं, मोठं फोल्डर टाकलं की झालं.”

“होतं असं. आमच्याकडे एकदा सगळा सेट दुसऱ्या गावी पोचला आणि वायरींची पेटी इथंच राहिली.”

फाइल जागेवर गेली. सिम्युलेटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला त्याचा वेळ घेत होता. तेवढ्यात बसकाकांनी टोस्ट भाजून आणले, एका बाजूनं करपलेले, आणि करपलेली बाजू खाली करून तिच्यासमोर ठेवले. फ्यूजनं उलटून पाहिलं आणि तसेच खाल्ले.

“दिवे,” बसकाका म्हणाले. सवयीनं. आणि स्वतःच बटण दाबायला हात पुढे केला.

उजेड पडला. पण कुठे? धावपट्टीच्या टोकाला झाडांची रांग होती, तिचे शेंडे तेवढे उजळले. जमीन काळीच.

“हात्तिच्या,” बसकाका म्हणाले. “वटवाघळं पकडायची आहेत का आता?”

“पण उजेड आला की नाही? आता नुसता रोख चुकलाय. हे माझं रोजचं काम.” फ्यूजच्या आवाजात जोर आला होता. नाट्यगृहात दिव्याचं तोंड नटाच्या जागेवर नेमकं वळवताना शिडीवरच्या माणसाला ती जशी ओरडून सांगे, तशीच ती आता स्वतःलाच सांगू लागली, “खाली घे, अजून थोडा खाली.” आकडा बदलायचा, विमान पुन्हा उघडायचं, बघायचं. काही खेपांनंतर विमानापुढे जमिनीवर छानसा गोल उजेड पडला. तिनं अभिमानानं वर पाहिलं.

बसकाका मान हलवत होते.

“का? पडला ना?”

“पडला. पण हे विमान आत्ता उभं आहे, नाक वर करून. हवेत ते सरळ होतं आणि उतरताना तर नाक थोडं खालीच असतं. तू उभ्या विमानावर माप घेतलंस, तर उतरताना उजेड पडेल माझ्या चाकांशी. मला पाहिजे तो पुढे. माणूस उभा असताना शिवलेली विजार बसल्यावर टरकते ना, तसं.”

फ्यूज विचारात पडली. तिचे नट काही नाक खाली करून रंगमंचावर उतरत नसत. “म्हणजे उडवूनच बघायला हवं.”

“उडवूनच.”

“मग उडवा की.”

बसकाकांनी सुकाणू धरलं, आणि सोडलं. “ह्याला दोन माणसं लागतात. मी एकट्यानं करतो कसंबसं, पण दिवे बघायचे, आकडे लक्षात ठेवायचे...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

फ्यूज उठून उभी राहिली. दबलेल्या उशीकडे ती बघत नव्हती, तेही बघत नव्हते. ती स्क्रीनच्या कडेला टेकून म्हणाली, “मी इथून बघते.”

“एवढा वेळ उभी राहणार?”

“त्यात काय. माझं कामच उभ्याचं आहे.”

विमान धावलं, शेपटी उचलली गेली, मग चाकं. खाली लहानशा गावाचे दिवे तिरके झाले. बसकाका बसच चालवत असल्यासारखे बोलत होते: “आता उजवीकडे वळू. हे चौकातलं वळण. आता सरळ.” फ्यूजचे डोळे नकळत त्या खालच्या ठिपक्यांवर खिळले. किती शांत वाटत होतं. आईला ह्यात काय दिसत होतं, ते तिला एकदम कळल्यासारखं झालं. सगळं जग झोपलंय आणि आपण तेवढे जागे आहोत, आपल्या माणसासोबत.

“चाकं,” बसकाका म्हणाले, आणि मग घाईघाईनं, “मीच दाबतो, असू दे—”

“कुठलं बटण?”

“ते डावीकडचं. तुझा तिथून हात पोचणार नाही.” त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. विमान तेवढ्यात एका बाजूला कललं. “बस ना गं तिथं. उशी काय ठेवून द्यायची आहे का जन्मभर!”

फ्यूज बसली. चाकांचं बटण दाबलं. मग “दिवे” असं त्यांनी म्हटल्यावर तेही. खाली उजेड पडला, त्यांनी सांगितला तसाच, अगदी चाकांशी. पुढे मिट्ट काळोख.

“बरोबर बोललात,” ती म्हणाली. “वर न्यायला हवा. चला, पुन्हा.”

पुन्हा, आणि पुन्हा. दर खेपेला ती रोख थोडा उचलायची, आणि ते विमान फिरवून त्याच धावपट्टीकडे आणायचे. मधल्या वेळात बोलणं होत होतं, कुणी विचारल्याशिवाय, आपोआप. आई हवेत असताना गाणी म्हणायची आणि सूर नेहमी जमिनीवर राहायचा. एकदा उतरताना तिला झोप लागली आणि बसकाकांनी ती जागी होईपर्यंत गावावर घिरट्या घातल्या. फ्यूजनं सांगितलं, तिच्या पहिल्या नाटकाला आई दोनदा येऊन बसली होती आणि दोन्ही वेळा नटांकडे पाठ करून वर तिच्या दिव्यांच्या केबिनकडे बघत राहिली होती. बसकाकांना हे माहीत नव्हतं. ते म्हणाले, “तिकिटाचे पैसे फुकट,” आणि बराच वेळ हसत राहिले.

शेवटच्या खेपेला उजेड जिथं हवा तिथं पडला. अंधारातून धावपट्टी एकदम वर आली. मधली पांढरी रेघ, कडेचं गवत, चाकांचे जुने काळे ओरखडे, सगळं लख्ख. दोघंही ते बघण्यात असे गुंतले की वेग कमी करायचं राहूनच गेलं. विमान आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं, आणि धावपट्टी संपली तरी धावत राहून शेवटी गवतात जाऊन थांबलं.

इंजिनं घरघरत होती. पुढे गवताची पाती उजेडात उभी.

“तुझी आई असती तर...” बसकाका म्हणाले.

“‘अहो ड्रायव्हर,’” फ्यूज म्हणाली, थेट आईच्या सुरात, “‘थांबा मागे गेला!’”

बसकाका हसायला लागले आणि हसता हसताच त्यांचे डोळे वाहू लागले. फ्यूजचेही. कुणी कुणाची समजूत घातली नाही. तिनं फक्त हात पुढे करून त्यांच्या सुकाणूवरच्या हातावर ठेवला, आणि तो तिथं राहिला. बऱ्याच वेळानं त्यांनी इंजिनं बंद केली.

“कपाट आजच आवरायचंय का?” त्यांनी विचारलं. “मी म्हटलं खरं उघडं आहे म्हणून. पण कुलूप नाही एवढंच, मी काही ते उघडलेलं नाही. मला उघडवत नाही.”

“मलाही कुठे उघडवतंय,” फ्यूज म्हणाली. “म्हणून तर एवढी घाई करत होते. दोघं मिळून करू. पुढच्या आठवड्यात.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी ते केलं. तपकिरी स्वेटर बसकाकांनी मागून घेतला, रुग्णालयातला पांढरा कोट फ्यूजनं. बाकीच्या कपड्यांना घड्या घालताना बसकाकांच्या घड्या वाकड्या येत होत्या आणि ती त्या पुन्हा घालत होती. त्याच दिवशी तिनं त्यांना त्या मंचावर स्वतःच्या नावानं सगळं लिहायला लावलं: फाइल कुठे राहते, रोख किती ठेवायचा, आणि माप उभ्या विमानावर घेऊ नका. ते विमान बनवणाऱ्या माणसाचंच उत्तर आलं. म्हणाला, मी वर्षानुवर्षं ते फक्त दिवसा उडवत आलोय, कधी लक्षातच आलं नाही. बसकाकांनी ते उत्तर तिला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

पुढे एका संध्याकाळी ती त्यांना नाट्यगृहात घेऊन गेली. इतकी वर्षं ते कधी आले नव्हते. नोकरीत असताना संध्याकाळच्या बसफेऱ्या त्यांच्याच असायच्या, आणि पुढे ते राहूनच गेलं. प्रेक्षकांत नको, म्हणून तिनं त्यांना वर केबिनमध्येच आणलं आणि बटणांच्या फळीपासून हातभर लांब खुर्ची दिली. व्यवस्थापक डोकावला. केबिनमध्ये बाहेरचं माणूस चालत नाही, असा त्याचा नियम होता.

“हे कोण?”

“घरचेच आहेत,” फ्यूज म्हणाली, आणि हेडफोन कानावर चढवला.

प्रयोग संपेपर्यंत बसकाका हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. ती प्रत्येक दिवा लावायची, तेव्हा त्यांची मान तिच्या बोटांकडून रंगमंचाकडे आणि परत वळायची. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, “कसं वाटलं नाटक?”

“नाटक ठीक होतं,” ते म्हणाले. “पण शेवटी ती म्हातारी खिडकीशी येते ना, तेव्हा उजेड जरा उशिरा आला.”

“आला,” फ्यूज म्हणाली. “तुमच्या लक्षात आलं?”

“न येऊन कसं चालेल?” बसकाकांनी टोपी घातली आणि जिना उतरायला कठडा धरला. “पुढच्या वेळी मी जवळ बसेन. खुणावत जाईन.”